सोनाभानचा घाट

गोराई नदीच्या काठी जयगुनमाचा आखडा आहे; आखडा म्हणजे गाणाऱ्या फकिरांचा मठ आणि जयगुनमा त्यांची गुरू. तिथल्या पडवीत चौदा शिंकी टांगलेली असतात आणि प्रत्येक शिंक्यात एकेका फकिराची मातीची थाळी. तिला सानकी म्हणतात. ज्याची सानकी, त्याची जागा. माणूस गेला की सानकी नदीत सोडतात, रीत मोडणाऱ्याची फोडतात, आणि कोणी आखडा सोडून निघाला तर तो आपल्या हातानं ती उतरवून नेतो. तिसऱ्या शिंक्यातली सानकी एकतीस वर्षं सोनाभान फकिराणीची होती. फाल्गुनातल्या साधुमेळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती उतरवली, विहिरीवर राखेनं घासली, पदराखाली घेतली आणि बांबूच्या बनापलीकडच्या आपल्या झोपडीत ठेवून आली. कोणाचं लक्ष गेलं नाही. सगळा आखडा मोताहार शाहच्या गाडीची वाट बघत होता.

मोताहार शाह म्हणजे आता मोठं प्रस्थ. ढाक्यात त्याच्या नावाचे फलक लागतात, दोनदा विलायतेला जाऊन आलाय, आणि पूर्वीची विरळ दाढीसुद्धा कशी कोण जाणे भरगच्च झालीय. पण अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हाच मोताहार याच अंगणात दोतारा मांडीवर घेऊन सोनाभानच्या ढेकीशेजारी बसायचा. ती पायानं ढेकीचं लाकूड दाबून मेळ्याचं भात सडायची आणि हा मुरमुरे खात म्हणायचा, "बुबू, पुन्हा म्हण ना. एकदाच." बुबू म्हणजे थोरली बहीण. तिनंही पाठच्या भावाला द्यावं तसं हात न आखडता दिलं.

दिलं काय, तर चाल. ती कशी आली ते सांगायला हवं.

कुष्टियाच्या कॉलेजात आशेकुर मास्तर शिकवायचे. शुक्रवारी सुट्टी असली की ते आखड्यात यायचे आणि सोबत कागदांचं भेंडोळं आणायचे. हजार वर्षांपूर्वी याच मातीत फिरणाऱ्या सिद्धांची पदं त्या कागदांवर होती. शब्द ताडपत्रांवर टिकले, चाली मात्र गाणाऱ्यांबरोबर मातीत गेल्या. मास्तरांचं म्हणणं, पुस्तकात झोपलेल्या या गाण्यांना उठवायचं तर पंडितांकडून होणार नाही, फकिरांच्याच गळ्यातून ती उठतील. ते एकेक पद आजच्या बोलीत समजावून सांगायचे आणि म्हणायचे, घ्या, आता तुमच्या गळ्याला काय वाटतं ते करा. फकीर मंडळी ऐकून हसली. यात नवीन ते काय, म्हणाली, हे तर आमचंच बोलणं आहे, फक्त फार जुन्या तोंडातलं.

त्यातलं एक पद कोणालाच जमेना. कुंभारणीनं कच्चं मडकं पाण्यात भाजलं, मडकं पक्कं झालं आणि कुंभारीण विरघळून गेली, असं काहीतरी उलटंपालटं. चार शुक्रवार चार फकिरांनी चार चाली लावल्या आणि चारही पडल्या. पाचव्या शुक्रवारी सोनाभान ढेकीवर होती. तिचा डावा पाय जन्मापासून तोकडा. उजव्या पायानं लाकूड दाबायचं, तोकडा टेकून तोल सावरायचा, मग क्षणभर अधांतरी थांबायचं, की पुन्हा उजवा. एक लांब, एक तोकडा, एक रिकामी जागा. त्याच ठेक्यावर तिच्या तोंडून ते पद आपोआप बाहेर पडलं. मास्तर कागद विसरले. जयगुनमाची नजर तेव्हाच अधू झाली होती, पण तिनं ढेकीच्या दिशेला तोंड वळवून जोडलेले हात कपाळाला टेकवले.

मास्तरांनी ते मोबाईलवर टिपूनही घेतलं होतं. परतताना होडीत वाकून पाणी बघायला गेले आणि मोबाईल गोराईच्या पोटात. हे मास्तर म्हणजे असे.

मोताहारला ती चाल गळ्यात उतरवायला दोन वर्षं लागली. गळा त्याचा गोड, सोनाभानपेक्षा पुष्कळ गोड, यात वाद नाही. फक्त ती रिकामी जागा त्याला धरवत नसे. तिथं तो 'आहा' म्हणायचा, हुंकार भरायचा. सोनाभान ढेकीवरून ओरडायची, "तिथं थांब रे. भरू नकोस. रिकामी आहे ती, रिकामीच राहू दे." मग एके दिवशी तो ढाक्याला गेला आणि आलाच नाही. वर्षभरात टीव्हीवर दिसला. हात जोडून सांगत होता, की पहाडपूरच्या पडक्या विहारात तो तीन दिवस उपाशी बसला, तेव्हा खुद्द सिद्धानं स्वप्नात येऊन ही चाल त्याच्या कानात सांगितली. लोकांनी डोळे पुसले. गावच्या चहाच्या टपरीवर सोनाभाननं हे पाहिलं, तिचा चहा तसाच राहिला.

एवढ्यावर राहतं तर कदाचित तिनं गिळलंही असतं. फकिरांनी पांढरं नेसायचं ते मेल्या माणसाचं वस्त्र म्हणून, जिवंतपणी राग-लोभ पुरून टाकल्याची खूण म्हणून. पण त्याच्या पुढच्या वर्षी जानिपूरच्या जत्रेत ती गायला उभी राहिली, कुंभारणीचं पद धरलं, आणि दुसऱ्याच ओळीला जत्रा भरवणाऱ्या बाई येऊन तिच्या कानाशी लागल्या. "खाला, मोताहार शाहची चाल चोरून इथं नका म्हणू. लोक नावं ठेवतील." तिला मंचावरून उतरवलं. पायऱ्या तीन होत्या. लंगडत तीन पायऱ्या उतरायला तिला किती वेळ लागला असेल, आणि तेवढा वेळ खालची माणसं बघत होती. त्या दिवशी तिच्या पोटात जे बसलं ते पुन्हा उठलं नाही. पांढऱ्यावर डाग चटकन दिसतो म्हणतात. सोनाभाननं नऊ वर्षं तो कोणाला दिसू दिला नाही.

मास्तरांकडे ती एकदाच गेली होती. तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय, दोन शब्द बोला, एवढंच मागणं. मास्तर कासावीस झाले. मोताहारमुळे ती पदं देशभर पोचली, पोरंपोरी शिकायला लागली, हजार वर्षांनी गाणं जिवंत झालं, आता घरात भांडण लागलं तर सगळंच कोसळेल, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "खाला, सूर कोणाचा नसतो."

"मग त्याचा कसा झाला?" सोनाभाननं विचारलं. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले.

आखड्यात मात्र सूर कोणाचा तरी असतोच. गाणं धरण्याआधी इथं गुरू विचारतो, "कोणाचा घाट?" म्हणजे हे पाणी तू कुठून भरलंस. ज्याच्याकडून गाणं मिळालं त्याचं नाव घ्यायचं, मगच तार छेडायची. खोटा घाट सांगितला तर पाणी नासतं, असं जयगुनमा म्हणते. म्हणूनच मोताहार अकरा वर्षं इकडे फिरकला नाही. ढाक्यात त्याला घाट विचारणारं कोणी नव्हतं.

आणि म्हणूनच सोनाभानला तो इथंच हवा होता. जानिपुरात नको, ढाक्यात नको, याच अंगणात. ती घाई करणाऱ्यातली नव्हती. यंदा माघात मास्तर सांगत आले, की मोताहारवर कोणी फिल्म काढतंय, त्यांना त्याच्या गुरूचं अंगण हवंय, पण मोताहार का कू करतोय. सोनाभान तेव्हा मासे साफ करत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, की माझ्या मनात आता काही उरलं नाही म्हणावं, म्हातारपण आलं, गुरुमाचंही काही खरं नाही, भावानं एकदा तिच्यासमोर गावं. त्याला पाणीसुद्धा मीच देईन म्हणावं. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच फोन लावला. सोनाभाननं शांतपणे माशाचं पोट चिरलं.

तर मोताहार आला. गाडीतून उतरला तो थेट जयगुनमाच्या पायाशी. मागे ढाक्याची एक मुलगी कॅमेरा घेऊन आणि एक पोरगेला माणूस काठीला माईक बांधून. सोनाभानकडे बघून मोताहार म्हणाला, "बुबू, वाळलीस गं." तीही हसून म्हणाली, की तू भरलास, म्हणजे घरातलं घरातच राहिलं. लोक हसले. तोही हसला आणि जरा सैल झाला.

दुपारच्या जेवणाआधी गाणं ठरलं. दोनशे माणसं ओळीनं बसलेली, पुढ्यात सानक्या, मोठ्या हंड्यांमधून भात-डाळीची वाफ. मधे मोताहार, शेजारी निशिकांत दास डुग्गी घेऊन. या निशिकांताची एक खोड होती. गेली तीस वर्षं, सोनाभान वाढायला निघाली की तो तिच्या लंगड्या चालीवर डुग्गी धरायचा. ती चालली की वाजवायचा, थांबली की थांबायचा. अंगण हसायचं आणि सोनाभान त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दर मेळ्याला हे ठरलेलं.

जयगुनमानं विचारलं, "मोताहार, कोणाचा घाट?"

इथं तो खरं बोलला असता तर काय झालं असतं? काही नाही, जरा खजील होऊन सुटला असता. पण समोर कॅमेरा होता आणि ढाक्याला सांगितलेली गोष्ट त्यात आधीच भरलेली होती. "सिद्धाचा घाट, मा," तो म्हणाला. "पहाडपूरचा."

सोनाभाननं डोळे मिटून घेतले. तिला हेच हवं होतं.

मोताहार गायला. गोड गायला, माना डोलल्या. मडकं पाण्यात गेलं, पक्कं झालं, कुंभारीण विरघळली, आणि रिकाम्या जागेवर त्यानं तेच 'आहा' भरलं. गाणं संपलं तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सोनाभान उठली. हातात पाण्याचा तांब्या, भावाला द्यायला. ती चालू लागली.

निशिकांताची बोटं सवयीनं डुग्गीवर गेली. एक लांब, एक तोकडा, एक रिकामी जागा. लोक नेहमीसारखे हसले. ती चालत राहिली, मुद्दाम सावकाश, बसलेल्या ओळींमधून, कोणाला शिवी न देता. एक लांब, एक तोकडा. हसू कमी कमी होत गेलं. पाचव्या-सहाव्या पावलाला एका म्हाताऱ्या फकिरानं शेजारच्याचा हात धरला. निशिकांतानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. तीस वर्षं आपण काय वाजवत होतो ते त्याला आत्ता कळलं. पण बोटं थांबली नाहीत. मागच्या ओळीतून एका बाईनं हळूच पहिली ओळ धरली, मग दुसरीनं, आणि सोनाभान मधोमध पोचेपर्यंत अख्खं अंगण तिच्या पावलांवर कुंभारणीचं पद म्हणत होतं. तिनं स्वतः तोंड उघडलं नाही. रिकाम्या जागी सगळे तिच्या पायाकडे बघून थांबत होते. 'आहा' कोणी म्हटलं नाही.

ती मोताहारसमोर उभी राहिली. गाणं थांबलं.

"मोताहार," जयगुनमा म्हणाली, "पुन्हा विचारते. कोणाचा घाट?"

त्यानं कॅमेऱ्याकडे हात करून तो बंद करा असं खुणावलं. मुलीनं बंद केला नाही. मग गुडघे मोडून त्यानं कपाळ सोनाभानच्या पायांपुढच्या मातीला टेकवलं. "बुबूचा," तो म्हणाला.

"बुबू गावात छप्पन्न आहेत," सोनाभान म्हणाली. "नाव घे."

"सोनाभान फकिराणीचा घाट."

"त्या पोरीच्या यंत्राला ऐकू गेलं नसेल."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. शब्दांबरोबर तोंडात धूळ गेली असावी, तो खोकला. नऊ वर्षं सोनाभान ज्या खोकल्यासाठी जगली होती तो हा.

आता आमच्यात भक्ती एकतर्फी नसते. एकानं कपाळ टेकलं की समोरच्यानंही टेकायचं, दोन डोकी समोरासमोर मातीत, आणि मग दोघांनी मिळून उठायचं. ऐंशीची जयगुनमा काल आलेल्या फकिरालाही बसल्या जागी वाकून परत करते. समोरच्यानं परत केल्याशिवाय टेकलेलं डोकं उचलायचं नाही, आणि एक जरी डोकं मातीत असलं तरी जेवणाचा पहिला घास उचलायचा नाही. सगळे सोनाभान वाकायची वाट बघत होते. ती वाकली नाही.

भाताची वाफ विरत चालली. कोणीतरी माशी हाकलली. मास्तर उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, की खाला, झालं ना मनासारखं, आता उठवा त्याला, दोनशे माणसं उपाशी आहेत.

"मास्तर, सूर कोणाचा नसतो म्हणालात ना?" सोनाभान म्हणाली. "डोकंही कोणाचं नसतं. राहू दे पडलेलं."

"सोना," जयगुनमा म्हणाली. "परत कर त्याची भक्ती."

"नाही करणार, मा. मी नऊ वर्षं वाकलेलीच होते."

"रीत माहीत आहे तुला. सानकी फोडावी लागेल तुझी."

"फोडायला जागेवर पाहिजे ना."

पडवीत कोणी तरी जाऊन बघितलं आणि तिसरं शिंकं रिकामं असल्याचं सांगितलं. जयगुनमाची अधू नजर सोनाभानच्या आसपास कुठेतरी तिला शोधत होती. "म्हणजे सकाळीच ठरवून आलीस," ती म्हणाली.

"सकाळी नाही, मा. त्या तीन पायऱ्या उतरताना."

सोनाभाननं हातातला तांब्या मोताहारच्या डोक्याशेजारी ठेवला. पाणी देईन म्हणाली होती, तिनं शब्द पाळला. आणि ती वळून निघाली. आता फाटकापर्यंतचं अंगण ओलांडायचं होतं आणि तिचे कान डुग्गीकडे लागले होते, पण निशिकांतानं दोन्ही हात मांडीखाली धरले होते. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती मेळ्यात ठेक्याविना चालली, आणि तिला आपला पाय फारच तोकडा वाटला.

फाटकाशी पोचल्यावर तिनं मागे पाहिलं. बघायला नको होतं. दोन बायांनी जयगुनमाला काखेत धरून उठवलं होतं. सोनाभान जिथं उभी होती त्याच जागेवर त्या ऐंशीच्या म्हातारीला त्या हळूहळू खाली बसवत होत्या. तिचे गुडघे वाकत नव्हते. तिसऱ्या खेपेला ते वाकले आणि तिनं सोनाभानच्या वाटची भक्ती मोताहारला परत केली. मगच त्याचं डोकं वर आलं. तोंड मातीनं आणि रडण्यानं माखलेलं होतं. गुरुमा असं करेल हे सोनाभानच्या नऊ वर्षांच्या हिशेबात कुठंच नव्हतं. तिचा हात फाटकावर राहिला. एवढ्यात वाढणाऱ्या बायका हंड्यांकडे धावल्या, गलका झाला, आणि ती बाहेर पडली.

झोपडीत तिनं सकाळीच पाण्यातला भात, कांदा आणि दोन मिरच्या झाकून ठेवल्या होत्या. उंबऱ्याशी बसून तिनं सानकीत वाढून घेतलं. मनासारखं झालं होतं, तिनं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ते खरंही होतं. मोताहारला ढाक्यात आता ती गोष्ट सांगता येणार नव्हती. त्याची माती खाल्लेली जीभ त्या मुलीच्या यंत्रात बंद झाली होती. मिरची चावून ती एकदा मोठ्यानं हसलीसुद्धा.

जेवणं उरकल्यावर आखड्यात पुन्हा गाणं सुरू झालं. बांबूच्या बनातून आवाज स्वच्छ येत होता. कोणी तरी विचारलं, कोणाचा घाट, आणि दोनशे माणसांनी एकदम सांगितलं, सोनाभानचा घाट. तिचा घास हातात राहिला. इतक्या जणांच्या तोंडून आपलं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग कुंभारणीचं पद निघालं. मडकं पाण्यात गेलं. मडकं पक्कं झालं. कुंभारीण विरघळली, आणि त्यापुढची रिकामी जागा आली. समोर तिचे पाय नव्हते. निशिकांत घाईनं पुढे गेला आणि त्याच्यामागून सगळे गेले.

"अरे, थांबा तिथं," सोनाभान म्हणाली.

ती उठायला गेली. तोकडा पाय उंबऱ्यावर टेकला, उजवा उचलला, आणि मग हातातल्या सानकीकडे तिचं लक्ष गेलं. ती पुन्हा खाली बसली. आखड्यात त्यांनी पहिल्यापासून पद धरलं आणि तिथंच पुन्हा चुकले.